चैतूने निवडलेली रायफल

दुकानात शिरल्या शिरल्या चैतूने रायफलींकडे पाठ केली आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

"वाजवा जी एकेक," तो म्हणाला.

हातिमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. नागपुरातलं ते बंदुकांचं दुकान त्यांच्या आजोबांनी काढलेलं. जहागीरदार, साहेबलोक, कलेक्टर अशी सगळी गिऱ्हाइकं त्यांनी हाताळली होती, पण पाठ फिरवून रायफल पसंत करणारं गिऱ्हाईक काही त्यांनी पाहिलेलं नसावं.

"हे कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

"आमचा वाटाड्या. वडिलांनी सोबत दिलाय."

"रायफल कोणाला पाहिजे?"

"मला."

"मग?"

याच 'मग'नं चांद्याहून निघाल्यापासून माझं डोकं फिरलेलं होतं. गुडघ्यापर्यंत धोतर, वर बाबांचा जुना खाकी कोट, पायात काही नाही, असा हा पन्नाशीचा गोंड माणूस माझी रायफल निवडणार होता. मी चोवीस वर्षांचा होतो. वकिलीच्या परीक्षेत दोनदा आपटून गावी परतलो होतो, आणि घरात माझ्या मताला किंमत नव्हती ती नव्हतीच.

साल होतं चौसष्ट. चांदा जिल्ह्यात जंगलाच्या काठावर आमचं गाव. बाबा, म्हणजे शामराव वासेकर, लाकडाचे ठेकेदार. एके काळी पंचक्रोशीत त्यांच्यासारखा शिकारी नव्हता. आमच्या ओसरीच्या भिंतीवर सांबरांची, नीलगाईंची अकरा मुंडकी टांगलेली होती. चैतूचा थोरला भाऊ लिंगू मडावी शिकारीत वाटाड्या म्हणून बाबांच्या पुढे चालायचा. पंधरा वर्षं चालला. बासष्टच्या उन्हाळ्यात जंगलात अस्वलानं लिंगूला मारलं. बाबा त्या दिवशी जे घरी आले, ते पुन्हा रानात गेले नाहीत. रायफल विकून टाकली. एका सकाळी शिडी लावून अकराच्या अकरा मुंडकी उतरवली आणि कुठे नेऊन टाकली कोण जाणे. भिंतीवर राहिले नुसते खिळे.

गावात कोणी तोंडावर बोलत नव्हतं, पण मला ते खिळे रोज दिसायचे. एका अस्वलाला भिऊन माझा बाप घरात बसला, असं माझं पक्कं मत होतं. मी स्वतःची रायफल घेणार होतो आणि त्यांतल्या एका तरी खिळ्यावर माझं सांबर टांगणार होतो. दोन वर्षं भांडलो तेव्हा कुठे बाबा लायसनच्या अर्जाला आडवे आले नाहीत. तेही एका अटीवर.

"पैसे मी देतो," ते म्हणाले, "पण चैतू म्हणेल ती घ्यायची. आणि त्याच्याबिगर रानात जायचं नाही."

"चैतूला काय कळतं रायफलीतलं?"

"ते मला नको सांगू."

आमच्या घरात त्या दिवसांत कोणी कोणाशी चार वाक्यांपेक्षा जास्त बोलत नसे.

हातिमभाईंनी काउंटरवर जाड कापड अंथरलं आणि तीन रायफली ओळीनं ठेवल्या. "बघा साहेब. ही स्वस्त. काम देईल, पण बोल्ट कडक आहे, पळत्या जनावरावर दुसरी गोळी वेळेवर जाणार नाही. ती पलीकडली महाग, ती तुम्ही नुसती पाहून ठेवा. तुमच्यासारख्यानं मधली घ्यावी. मधल्या किमतीत माझ्याकडे दोन आहेत." महागडी उचलून त्यांनी आत ठेवली आणि तिच्या जागी दुसरी मांडली. "दोन्ही बोल्टच्या, दोन्हींची काडतुसं इथंच मिळतात. फरक आहे तो हाताचा. ही विलायती बघा."

विलायती मी खांद्याला लावली आणि तिथेच माझा जीव तिच्यात अडकला. अक्रोडाचा दस्ता गालाला असा बसला की डोळा आपोआप नळीच्या टोकावरच्या माशीवर गेला. बोल्ट लोण्यासारखा मागे-पुढे व्हायचा. सेफ्टीची छोटी सरकती कळ बरोबर अंगठ्याखाली. पुढे ढकलली की रायफल तयार, आणि आवाज म्हणाल तर पापणी मिटल्याइतकाही नाही.

"हिला म्हणतात रायफल," मी म्हणालो.

दुसरी जर्मन धाटणीची होती. किंमत तेवढीच, पण दिसायला राकट. दस्ता जाड, रंग शेणकटलेला. तिची सेफ्टी म्हणजे बोल्टच्या शेपटावर उभा राहणारा एक लोखंडी पंख. पंख उभा असला की रायफल बंद, आणि उभा असताना तो नेमका नजरेच्या आड येई. आडवा पाडला की गोळी सुटायला मोकळी.

चैतू अजून रस्त्याकडेच पाहत होता. "वाजवा ना जी," तो पुन्हा म्हणाला.

"काय वाजवू? घोडा?"

"घोडा नाई. त्याच्या आंदीचं."

हातिमभाईंना समजलं. त्यांनी विलायतीची कळ पुढे ढकलली. चैतू हलला नाही.

"वाजवली?" त्यानं विचारलं.

"वाजवली की."

"दुसरी."

हातिमभाईंनी जर्मन रायफलीचा पंख आडवा पाडला. खट् असा कोरडा आवाज दुकानभर झाला आणि चैतूचे गुडघे वाकले. बसायला निघाल्यासारखा तो थोडा खाली गेला, मग पुन्हा सरळ झाला. दुकानातला नोकर फिस्सकन हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आखीन एक डाव," चैतू म्हणाला.

खट्. पुन्हा तेच.

मग तो वळला, काउंटरपाशी आला आणि त्या पंखावर बोट ठेवलं. "हा कान. ही घ्या."

"का?"

"ही बोलते जी."

"बोलते? जंगलात बोलणारी रायफल काय चुलीत घालायची आहे? सांबराचे कान तुला माहीत नाहीत का? रायफल मुकी पाहिजे."

"मुकी पायली मी एक," तो म्हणाला. "पुरे झाली."

त्याला मी काय म्हणायचं ते म्हणालो. अडाणी म्हणालो, बाबांचा चमचा म्हणालो, हातिमभाईंच्या देखत म्हणालो. त्यानं कोटाची बटणं लावली आणि दाराबाहेर पायरीवर जाऊन बसला. हातिमभाईंनी दोन्ही रायफलींकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, मी दुकानदार. माझ्यासाठी दोन्ही सारख्या. पण इतक्या वर्षांत पुढं चालणाऱ्याला रायफल पसंत करताना मी पहिल्यांदा पाहिलं."

मला वाटलं ते माझी थट्टा करताहेत. बापाच्या पैशांपुढे इलाज नव्हता. जर्मन रायफल घेऊन आम्ही परत निघालो आणि एस.टी.त मी चैतूपासून लांबचं बाकडं धरलं.

घरी आल्यावर बाबांनी रायफलीला हात लावला नाही. खुर्चीतूनच विचारलं, "कान वाजते?"

"वाजतो. आता गावभर दवंडीही नको पिटायला."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. हे दोघे मिळून माझी शिकार होऊ द्यायची नाही असं ठरवून बसले आहेत, याबद्दल त्या दिवसापासून माझ्या मनात शंका उरली नाही.

पहिल्या खेपेला निघताना चैतूनं मला त्याचा कायदा सांगितला. "कान उभा ठेवायचा. मी पुढं. जनावर दिसलं का मी हात करतो. तुमी कान पाडा. तो वाजला का मी बसतो. मी बसलो का मारा. मी उभा असन तं नाई मारायचं."

"आणि तू मागे वळून बघणार नाहीस का, मी काय करतोय ते?"

"पुढच्यानं मांगं पायचं नसते जी. मांगं पायलं का जनावर वाट सोडते. आमच्यात कोनीच नाई पायत."

परमिट एका सांबराचं, मुदत एक महिना. पहिल्याच आठवड्यात पहाटे पाणवठ्यावर नर उभा दिसला. शिंगं अशी की पाहत राहावं. चैतूनं हात केला. मी कान पाडला. खट्. चैतू बसला आणि सांबरानं मान वर केली. मी माशी धरीपर्यंत समोर नुसती हलणारी पानं होती.

"झालं समाधान?" मी ओरडलो. "ऐकलं ना त्यानं? तुझी रायफल बोलली आणि त्यानं ऐकलं."

"सांबर गेलं तं दुसरं येते," चैतू उठत म्हणाला.

"महिना संपेपर्यंत?"

"महिना तुमचा. सांबराले कोठी म्हाईत."

आता या माणसाला धडा शिकवायचाच, असं मी घरी येताना ठरवलं. माडीवर दार लावून तीन दिवस मी तो कान घासत बसलो. त्याला तेल दिलं. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दमादमानं पाडला तर तो वाजत नाही, हे मला सापडलं. पहिल्यांदा जमलं तेव्हा एखादी परीक्षा पास झाल्यासारखा आनंद झाला. तसा आनंद मला परीक्षेनं कधी दिला नव्हता. मग मी आणखी पुढचा विचार केला. ऐनवेळी चिमटी घसरली तर? त्यापेक्षा निघाल्यावर वाटेतच कान गुपचूप पाडून ठेवावा. चैतू तर मागे बघतच नाही.

महिन्याचे चार दिवस उरले होते. उत्तरेच्या डोंगराच्या अंगाला सांबराची ताजी विष्ठा दिसल्याचं एका गुराख्यानं सांगितलं. दुपारी मी चैतूला बोलावलं.

"तिकडं नाई जायचं," तो म्हणाला.

"का?"

"नाई जायचं."

"मग मी एकटा जातो. बाबांना सांग, तू आला नाहीस म्हणून."

तो बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग काठी घेतली आणि पुढे झाला. ओसरीवरून बाबा पाहत होते. आम्ही कोणत्या दिशेला वळलो हे त्यांनी पाहिलं असणार, कारण ते खुर्चीतून अर्धवट उठले होते.

रानात शिरताना मी काडतूस चढवलं आणि कान मुद्दाम जोरात उभा केला. चैतूनं ऐकलं आणि चालायला लागला. कोसभर गेल्यावर, नाल्यापाशी वाट अरुंद झाली तशी, मी चिमटीत धरून कान खाली आणला. आवाज झाला नाही. पुढे चैतूची पाठ तशीच चालत राहिली. बाबांचा तो कोट, खांद्यावर विरलेला, माझ्यापासून चार हातांवर. दोन्ही बाजूंनी रायमुनीच्या झुडपांचं रान इतकं दाट की फांद्या दस्त्याला, बोल्टला, माझ्या बाहीला अडकत होत्या. मी त्या सोडवत चाललो होतो आणि मनात हसत होतो. आज रायफल मुकी होती.

चढ संपला तिथे एका मोहाच्या बुंध्याशी दगडांची रास होती, कमरेएवढी. वर वाळलेली पानं, कधीतरी वाहिलेला शेंदूर. चैतू थांबला. वाटेतला एक दगड उचलून त्यानं राशीवर ठेवला. आणि मग, जे त्यानं कधीच केलं नव्हतं ते केलं. तो मागे वळला.

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. थेट रायफलीकडे पाहिलं. पंख आडवा पडलेला होता आणि नळी त्याच्या पोटाच्या रेषेत होती.

तो बाजूला सरकला आणि राशीला टेकून खाली बसला. त्यानं हात मांड्यांखाली घातले.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"काय कधीपासून? ऊठ. उजेड जाईल."

"कान कधीपासून पाडला जी?"

"नाल्यापासून. मग? काय झालं? कोसभर चाललास ना? मेलास का?"

"आता नाई चालत."

त्याच वेळी पलीकडच्या उतारावरून सांबराची हाक आली. पोंक्, एकदाच, जवळून. चार दिवस उरलेले, जनावर दोनशे हातांवर, आणि हा म्हातारा बसला आहे. मी दबल्या आवाजात शिव्या दिल्या. त्याची गचांडी धरली. तो उठेना. मग मी त्याच्या तोंडात मारली.

हे लिहितानाही माझा तळहात मला नकोसा होतो. साठ वर्षं झाली. माझ्या बापाच्या वयाचा माणूस होता आणि मी त्याला एका सांबरापायी मारलं. त्यानं गालाला हातसुद्धा लावला नाही. उतारावर दगड घरंगळले, सांबर गेलं.

"अस्वल नोतं जी," तो म्हणाला.

"काय?"

"लिंगूले. अस्वल नोतं." तो माझ्याकडे न पाहता, वाटेकडे पाहत बोलत होता. "अथीच पडला. लिंगू पुढं, मालक मांगं, मालकाच्या मांगं मी. त्याहीची रायफल मुकी होती. कधी खोलली, आमाले नाई समजलं, मालकालेई समजलं नाई. रायमुनीत घोडा अडकला. गोळी पाठीत लागली त्याच्या. पानी मांगतलं एक डाव. मंग नाई."

"खोटं."

"मालक मातीत लोळून रडत होते. येवढा मोठा मानूस रडते तं पायवत नाई. मीच म्हनलो, अस्वल सांगू. पोलीस पाटलाले मी सांगतलं. लिंगूच्या बायकोलेई मीच सांगतलं." तो थांबला. "ते नोतं सांगाले पायजे मी."

"खोटं बोलतोस. हरामखोर, माझ्या बापाचं मीठ खाऊन त्याच्यावर आळ घेतोस?"

"तुमच्या बापानं मले सांगतलं, पोराची रायफल तूच निवड. पुढं तुले चालाचं आहे."

मी पुन्हा 'खोटं' म्हणालो. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. मी म्हणालो, "ठीक आहे. शिकार गेली खड्ड्यात. घरी चल. हो पुढे."

"पुढं नाई मी."

"मग?"

"तुमी पुढं व्हा. वाट मी मांगून सांगतो." त्यानं हात पुढे केला. "रायफल द्या."

"लायसन माझं आहे."

"वाट माई आहे."

मी चौफेर पाहिलं. ज्या रायमुनीतून आलो ती सगळीकडे सारखीच दिसत होती. त्या डोंगरावर मी त्यापूर्वी कधी आलो नव्हतो. अर्ध्या तासात अंधार होणार होता. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस जितका द्वेष करू शकतो तितका मी त्या क्षणी चैतूचा करत होतो. मी रायफल त्याच्या हातात दिली.

"चाला," तो म्हणाला. "मांगं पायचं नाई जी."

मी चालू लागलो. चार पावलं गेलो आणि वाट पाहू लागलो. कान उभा केल्याचा आवाज कधी येतो याची. मी दिली तेव्हा तो आडवा होता. काडतूस आत होतं. कान नुसता वर करायचा, क्षणाचं काम. आवाज आला नाही.

"डाव्या हाताले," मागून आवाज आला.

मी डावीकडे वळलो. रायमुनीच्या फांद्या माझ्या दंडाला घासून मागे जात होत्या, आणि मागे कशावर तरी अडकून सळसळत होत्या. कशावर, ते मला माहीत होतं. प्रत्येक सळसळीला माझी पाठ आखडत होती. दोन खांद्यांच्या मधली ती वीतभर जागा मला आयुष्यात पहिल्यांदा जाणवत होती. मागच्या माणसाच्या भावाला माझ्या बापानं मारलं होतं, आणि त्या माणसाच्या मी नुकतीच थोबाडीत मारली होती. आता मी खोटं म्हणत नव्हतो. माझ्या पाठीला सगळं खरं वाटत होतं.

"चैतू," मी म्हणालो, "कान वर कर."

मागची पावलं तशीच येत राहिली.

"चैतू, ऐकतोस का? कान वर कर म्हटलं ना."

"आता खाली उतार आहे. पाय जपून टाका."

नाल्यात उतरताना माझा पाय घसरला. मी गुडघ्यावर आपटलो आणि तसाच, श्वास धरून, राहिलो. मागे पावलं थांबली. किती वेळ थांबली असतील कोण जाणे. मग तो म्हणाला, "उठा." मी उठलो. तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते गुडघा फुटल्याचं नव्हतं. मला वळून त्याच्या पाया पडायचं होतं आणि त्याच्या नरडीचा घोटही घ्यायचा होता. दोन्हींसाठी मागे पाहावं लागलं असतं, आणि तेवढी माझी हिंमत नव्हती.

गावाच्या शिवेवरची चिंच दिसली. गोठ्यांचा धूर नाकात आला. चिंचेखालून जाताना माझ्या पाठीमागे वाजलं, खट्. मी धाडकन खाली बसलो. मी बसायचं ठरवलं नव्हतं, माझे पायच बसले.

चैतू माझ्या पुढ्यात आला. त्यानं रायफल माझ्या मांडीवर ठेवली. कान उभा होता. मी बोल्ट मागे ओढला आणि काडतूस धुळीत पडलं. म्हणजे सबंध वाटभर ते आत होतं. त्यानं ते उचललं, कोटाला पुसलं, माझ्या हातात दिलं आणि आपल्या पाड्याकडे चालू लागला. तिथे मी त्याला हाक मारायला हवी होती.

घराशी आलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. बाबांची खुर्ची नेहमीच्या जागी नव्हती. ती ओढत ओढत ओसरीच्या पार टोकाला, डोंगराच्या दिशेला नेलेली होती. फरशीवर तिच्या पायांचे पांढरे ओरखडे उमटले होते. बाबा तिच्यात बसले नव्हते. खांबाला धरून उभे होते. डोंगरावर गोळी वाजली असती तर तिथून ऐकू आली असती, आणि दुपारपासून ते तेवढंच ऐकत उभे असावेत.

त्यांनी मला एकटा येताना पाहिलं. मला काय मिळालं, सांबर पडलं का, हे विचारलं नाही.

"चैतू कोठी आहे?" ते म्हणाले.

मी अंगणात उभा राहिलो.

"दिगू, चैतू कोठी आहे?"

ते एक पायरी उतरले. तोंड उघडं, ओठ पांढरे. डोंगरावर मी ज्याला खोटं म्हणालो होतो ते सगळं त्या चेहऱ्यावर होतं, वाचायला दिवा लागत नव्हता. मी लगेच उत्तर द्यायला हवं होतं. दिलं नाही. दोन वर्षं यांनी मला भ्याड बापाचा मुलगा म्हणून जगू दिलं, आता थोडा वेळ यांनाही कळू दे, असं मनात आलं आणि मी मुद्दाम गप्प राहिलो. बाबा आणखी एक पायरी उतरले आणि त्यांचा हात खांबावरून सुटला.

"घरी गेला," मी म्हणालो.

ते पायरीवर बसले.

"आपल्या पायानं गेला ना?"

"हो. माझ्या मागून आला. मी पुढे होतो."

बाबांनी मान वर केली. आधी माझ्या हातातल्या रायफलीकडे पाहिलं, त्या उभ्या कानाकडे, मग माझ्याकडे. ते उठून माझ्या मागे गेले आणि अंधारात त्यांनी माझी पाठ चाचपली. मानेपासून कमरेपर्यंत, मग पुन्हा वर, दोन खांद्यांच्या मधे त्यांचा तळहात थांबला. बासष्टच्या उन्हाळ्यापासून त्यांनी मला हात लावला नव्हता.

मी तो झटकला आणि घरात गेलो.